अठरावा फोन

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

तेजश्री आज सुनीतीची वही घेऊन आली. परत करावयास नव्हे — सोपवावयास.

ही तेजश्री इथल्या, कर्जतच्या रक्तकेंद्रात तंत्रज्ञ आहे. वय सव्वीस. सुनीतीला, म्हणजे माझ्या पत्नीस, ती काकू म्हणे, मला सर म्हणते. एकाच घरात एक काकू आणि एक सर कसे नांदले, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर मला नेहमी दिसतो.

वही शंभर पानी, तपकिरी पुठ्ठ्याची. आत एक्केचाळीस नावे. २६ जानेवारीच्या शिबिरात आयुष्यात प्रथमच रक्त दिलेली माणसे. सुनीतीने घेतलेले ते शेवटचे शिबिर. तिची पद्धत अशी, की रक्त दिल्याच्या तिसऱ्या दिवशी प्रत्येकास फोन करावयाचा. पुन्हा रक्त द्या, असे चुकूनही म्हणावयाचे नाही. हात दुखतो का, एवढे विचारावयाचे — आणि मग त्याच्या घरचे, गोठ्यातले, परीक्षेचे. २९ जानेवारीस तिने सतरा फोन केले. अठरावा उद्या, असे म्हणून वही मिटली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तेजश्रीने एक कागद पुढे केला. फोन गेलेल्या सतरा जणांपैकी अकरा जण नंतर स्वतःहून येऊन पुन्हा रक्त देऊन गेले. फोन न गेलेल्या चोवीस जणांपैकी — एकही नाही.

"नऊ नोव्हेंबरला पुढचं शिबिर आहे, सर. हे चोवीस तुमचे. फक्त फोन करायचा. काकूंसारखा."

मी विचारासाठी अवधी मागितला. ती म्हणाली, अवधी नऊ नोव्हेंबरपर्यंत आहे.

भोजन — चहा, खारी.

बुधवार, २४ सप्टेंबर

वही वाचली. प्रत्येक नावापुढे सुनीतीने शिबिराच्याच दिवशी शेरा लिहून ठेवलेला आहे. कार्यालयीन दृष्ट्या हे शेरे निरुपयोगी.

‘१८. चिंधी, माथेरानच्या पायथ्याची वाडी. शेळी गाभण. विचारणे.’

‘२०. किशोर, शेलू. नवा फ्लॅट, गळतो. ऐकून घेणे.’

‘२३. रोहिदास, टेंपोवाला. लग्न ठरते आहे. मुलगी खालापूरकडची, नाव प्रिया. चिडवणे.’

चिडवणे! खोपोलीच्या कारखान्यात बत्तीस वर्षे मी कार्मिक अधिकारी होतो. साडेचारशे कामगारांना पत्रे लिहिली. चिडवणे ही कार्यपद्धती मला कोणत्याही नियमावलीत आढळली नाही.

अपरिचित बाईस फोन करून तिच्या शेळीची चौकशी करणे मला जमणार नाही. पत्र लिहावे. पत्रास मान असतो. मसुदा असा —

‘विषय : आपण दि. २६ जानेवारी रोजी दिलेल्या रक्ताबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या रक्ताच्या संदर्भात आपण रविवार, दि. ९ नोव्हेंबर रोजी पुनश्च व्यक्तिशः उपस्थित राहणे अत्यावश्यक आहे. याची गंभीर नोंद घ्यावी.’

‘गंभीर’ हा शब्द नंतर घातला. त्याने पत्रास वजन आले.

भोजन — चहा, खारी. अंतराचा पुण्याहून फोन. "बाबा, नीट जेवता ना?" होय, असे सांगितले. मुलीला काळजी लावू नये.

गुरुवार, २५ सप्टेंबर

चोवीस पत्रे पोचपावतीसह रवाना. सुनीतीला वर्षानुवर्षे जे फोनवर घसा कोरडा करून करावे लागले, ते मी एका दुपारी केले. हे तिला सांगावयास हवे होते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

तेजश्री आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

नऊ जण रक्तकेंद्रात येऊन गेले म्हणे. रक्त देण्यासाठी नव्हे — आपल्याला कोणता रोग झाला आहे, हे विचारण्यासाठी. शेलूच्या किशोरने सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि फाईल घेऊन आला. एका गृहस्थाने शेत मुलाच्या नावावर करण्याची चौकशी तलाठ्याकडे केली. एकाची बायको माहेरी गेली. मात्र ती तशीही जाणारच होती, असे तोच म्हणाला.

मी विचारले, पत्रात चूक काय आहे.

"सर, कुणाच्या रक्तात खरंच दोष निघाला ना, तरी आम्ही त्याला बोलावताना याच्यापेक्षा सौम्य बोलतो."

पत्र पुन्हा वाचले. व्याकरणाची एकही चूक नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज फोन केला. अठरावा.

प्रथम आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले. मग अंक दाबले. पलीकडे एक बाई ‘हॅलो’ म्हणाली, मागे कोंबड्या. मी म्हणालो, नमस्कार, मी हेमचंद्र चौबळ बोलतो आहे, आपल्या शेळीची प्रकृती कशी आहे?

"तुमी गुरांचे डाक्टर का?"

मी सांगितले, की नाही, मी सुनीतीबाईंचा पती. तेव्हा तिचा आवाज एकदम उजळला. शेळीला दोन करडे झाली, एक काळे, एक पांढऱ्या पायांचे. पांढऱ्या पायांचे घरात शिरून तांदूळ खाते. मग म्हणाली, ते पत्र तुमचेच ना? वाडीत कुणाला धड वाचता येईना, म्हणून ते करडानेच खाल्ले. एकूण चोवीस पत्रांपैकी एक तरी सत्कारणी लागले.

मग ती म्हणाली, "बाईंना द्या की फोन."

मला सांगावे लागले. जानेवारीतच गेली, असे सांगितले. कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"त्या म्हणाल्या व्हत्या, तिसऱ्या दिशी फोन करते. मी वाट बघितली. म्हटलं, मोठ्या घरची बाई, विसरली आसंल."

विसरली नव्हती, असे मी सांगितले. तुमचा क्रमांक दुसऱ्या दिवशी पहिला होता, असेही सांगितले.

रक्ताविषयी मी काहीही बोललो नाही. फोन ठेवताना तीच म्हणाली, "परत कधी येऊ?"

मंगळवार, ७ ऑक्टोबर

तेविसावा क्रमांक, रोहिदास, याने स्वतःच फोन केला. चिडवण्याची वेळ निघून गेली आहे.

३० सप्टेंबरला त्याच्या घरी लग्नाची बैठक बसली होती. मुलीकडून तिची आजी आली होती, सोनुबाई. त्या घरात तिचाच शब्द चालतो. तारीख ठरावयाची, तेवढ्यात पोस्टमन दारात. पोचपावती असल्याने सही हवी. भर बैठकीत सही झाली, भर बैठकीत पाकीट फुटले, आणि कुणा शहाण्या भाच्याने मोठ्याने वाचून दाखवले. ‘रक्ताच्या संदर्भात.’ ‘गंभीर.’

सोनुबाई सुपारी तशीच ठेवून उठली. पोराच्या रक्तात खोट आहे, आमची पोर देणार नाही.

"सर, तुमच्या पत्रानं माझं लगीन मोडलं. आता तुमीच जोडा," तो म्हणाला. रागाने नव्हे. तेच अधिक वाईट वाटले.

तेजश्रीकडे गेलो. म्हटले, याच्या तपासणीचा निकाल त्या बाईंस लेखी द्या. ती म्हणाली, रक्तदात्याची माहिती दुसऱ्या कुणालाही देता येत नाही, नियम आहे. नियम बरोबर आहे. मी असतो तर हाच केला असता. आयुष्यात प्रथमच एक बरोबर नियम माझ्याच अंगावर आला!

रविवार, १२ ऑक्टोबर

रोहिदासच्या टेंपोतून खालापूरकडे गेलो. मागे काकड्या, पुढे आम्ही दोघे. गुडघ्यांवर छत्री उभी धरून बसलो होतो. रोहिदासने विचारले, छत्री कशाला, ऊन ना पाऊस. मी म्हणालो, अवघड प्रसंगी हातात काही असलेले बरे. तो म्हणाला, मग एक मला पण आणायची.

सोनुबाई पडवीत बसून बियाण्याचे वाल निवडत होती. सत्तरीची असावी, दात कमी, नजर पूर्ण. मी उभा राहूनच बोललो — माझ्या पत्रातील शब्दयोजनेमुळे आपला जो गैरसमज झाला, त्याबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे, इत्यादी.

तिने रोहिदासकडे पाहिले. "ह्ये काय म्हणतात रं?"

"माफी मागतात."

"मंग तसं सांगायचं ना. बसा."

बसलो. ती म्हणाली, रक्त चांगले असेल तर कागद दाखवा. मी नियम सांगितला. कागद दाखवता येत नाही, तो चांगल्याचाही नाही आणि वाईटाचाही नाही. मग आम्ही समजायचे कसे, असे तिने विचारले. ती वाल निवडत राहिली. दारात प्रिया उभी होती, रोहिदास तिच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होता आणि तो प्रयत्न सर्वांना दिसत होता.

"पत्रात परत बोलावलंय ना ह्याला? रक्त द्यायला?"

होय, मी म्हणालो. एवढेच म्हणावयाचे होते.

"एकदा आंबा नासका निघाला, तर गिऱ्हाईक त्या पाटीकडं परत येतं का? हे परत आलं म्हंजी माल चांगला हाय." हातातला वाल तिने सुपात टाकला. "नऊ तारखेला मी सोता येते. माझ्यासमोर ह्याचं रक्त घेतलं, तर तुळशीचं लगीन झालंच आसंल, आमचं बी लावून टाकू."

हा युक्तिवाद शास्त्रीय नाही. परत बोलावणे सर्वांनाच असते. आणि कुणास परत पाठवले, तरी त्याची कारणे शंभर असतात. मी हे समजावून सांगण्यास तोंड उघडले. रोहिदासने माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटले.

मग म्हातारी म्हणाली, "साहेब, तुमी किती येळा दिलंत?"

एकदा, मी म्हणालो. १९८१ साली.

"चव्वेचाळीस वर्षं झाली, आज्जी," प्रियाने दारातून हिशेब पुरवला.

"मंग परत का नाय दिलं?"

योग आला नाही, असे मी म्हणालो. बायकोने गावोगाव शिबिरे घेतली आणि नवऱ्याचा योग आला नाही! सोनुबाईने एक किडका वाल उचलून माझ्यासमोर धरला, मग बाजूला टाकला.

"ह्याच्या शेजारच्या खाटेवर तुमी झोपायचं. नायतर आमी समजू, तुमचं बी तसलंच."

परत येताना टेंपोत रोहिदास शीळ घालत होता. मी छत्री घट्ट धरली होती.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आशेचा किरण. प्रथमच रक्त देणाऱ्यास साठ वर्षांनंतर परवानगी नाही, असा नियम असल्याचे आठवले. मी चौसष्ट वर्षे अकरा महिन्यांचा. तेजश्रीला तत्काळ फोन केला.

"पण सर, तुम्ही पहिल्यांदा कुठे देताय? आधी दिलंय ना. मग पासष्टपर्यंत चालतं."

पासष्टावा वाढदिवस १२ नोव्हेंबरला आहे. शिबिर नऊला. तीन दिवसांनी वाचलो असतो.

भोजन — खारी.

शनिवार, १८ ऑक्टोबर

एकोणीस फोन झाले. पद्धत बसते आहे. सुरुवातीला पत्राबद्दल दिलगिरी, मग सुनीतीचा शेरा, मग गप्प राहणे. गप्प राहणे मला उत्तम जमते. सुनीती म्हणे, तो दोष आहे. फोनवर तो गुण ठरतो.

शेलूच्या किशोरचे छत मी पंचवीस मिनिटे ऐकले. बिल्डर, गच्ची, वरच्या मजल्यावरील कुंड्या. शेवटी तो म्हणाला, काका, इतकं कुणीच ऐकून घेतलं नव्हतं, नऊला येतो. काका! बत्तीस वर्षांत मला कामावर कुणी काका म्हटले नव्हते.

रोहिदासला चिडवण्याचाही प्रयत्न केला. म्हणालो, काय हो, प्रियाबाईंची आठवण येते का? तो म्हणाला, सर, तुमी ते राहू द्या.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. घरात कुणी नाही. वहीच्या पुठ्ठ्याचे आवरण फाटले होते, ते चिकटवावयास घेतले. आत एक पिवळे पडलेले कार्ड. ‘हेमचंद्र चौबळ, द्वितीय वर्ष. रक्तदान : ११ डिसेंबर १९८१.’

सर्वांना मी सांगत आलो, की राष्ट्रकर्तव्य म्हणून दिले. खरे असे, की महाविद्यालयातील त्या शिबिरात खाटांच्या टोकाशी प्रथम वर्षाची एक मुलगी बिस्किटे वाटत होती, आणि रक्त दिल्याशिवाय बिस्किट मिळत नव्हते. सुई पाहिली. दिले. उठलो — आणि बिस्किटांच्या ताटावरच पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा ती म्हणत होती, "आणखी एक घ्या, बरीच मोडलीत."

कार्डाबरोबर एक चिठ्ठी, सुनीतीच्या अक्षरात, या २६ जानेवारीची —

‘आमची स्वारी. ८१ नंतर नाही. सुईचे नाव काढू नये. मुदत १२ नोव्हेंबर. मागे बिस्किटाने जमले होते.’

त्रेचाळीस वर्षे ती मला एकदाही ‘द्या’ म्हणाली नाही. मला वाटे, तिच्या लक्षातच नाही.

आज जेवलो नाही. भूक नव्हती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

उद्या. बिस्किटांचा पुडा आणला आहे. फोडलेला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

शाळेच्या सभागृहात शिबिर. चोवीसपैकी सोळा आले! सोळा. तेजश्रीने दोनदा मोजले, मी तीनदा.

चिंधी वाडीवरून चालत उतरून नेरळला गाडी धरून आली होती. रांगेत उभी राहून ती सर्वांना माझा फोन करून दाखवत होती — मान ताठ, एक हात पाठीमागे, "आपल्या शेळीची प्रकृती कशी आहे?" नक्कल चांगली होती. किशोर तर भिंतीला धरून हसला.

सोनुबाई खुर्ची ओढून टेबलाशीच बसली. टेबलावर निळ्या पाण्याची बाटली असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्यात सोडतात. थेंब बुडाला तर रक्तात दम आहे, तरंगत राहिला तर कमी आहे, मग घेत नाहीत. हे तेजश्रीने तिला सांगितले आणि तिने तात्काळ पंचाचे काम हाती घेतले.

रोहिदासचा थेंब पडला. सगळे वाकले. थेंब दगडासारखा तळाला गेला.

"बुडाला!" सोनुबाई म्हणाली, आणि नातजावई बुडाला म्हणून इतकी आनंदलेली बाई मी प्रथमच पाहिली. प्रियाने लगेच बाही वर केली, मीही देणार म्हणाली. पहिल्यांदाच. आजीने कपाळाला हात लावला, पण तिचाही थेंब वाकून पाहिला. बुडाला.

मग माझी पाळी. बाही मी घरूनच तीन घड्या घालून आलो होतो. सुईकडे पाहिले. पुड्याकडे पाहिले. बोट पुढे केले.

थेंब पडला — आणि राहिला. तरंगत. हलला, किंचित उतरला, पुन्हा वर आला.

तेजश्रीने यंत्रावर पुन्हा पाहिले. हिमोग्लोबिन साडेबारा लागते, माझे अकरा पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाले, आज घेता येणार नाही. मी विचारले, बुधवारपर्यंत वाढेल का. ते म्हणाले, महिने लागतात. म्हणजे कधीच नाही.

सुटलो, असे वाटावयास हवे होते. तसे वाटले नाही. मला वाईट वाटले, फार वाईट वाटले. नोंदवून ठेवतो.

आता सोनुबाईच्याच न्यायाने मी नासका ठरणार, म्हणून मान खाली घालून बाही उलगडत होतो. ती उठून जवळ आली. माझे मनगट हातात घेतले, भाजी पारखावी तसे उलटसुलट पाहिले.

"रक्त वाईट नाय ह्यांचं," ती सगळ्यांना म्हणाली. "रक्तच नाय. काय खाता ओ साहेब? खरं सांगा."

खरे सांगितले. चहा, खारी. जानेवारीपासून.

तिने रोहिदासला खूण केली. रोहिदास टेंपोकडे गेला आणि एक गाठोडे घेऊन आला. तिने ते माझ्या मांडीवर ठेवले. वाल होते. आज भिजत घाला, म्हणाली, उद्या उपसून मोड आणायचे, सोलायचे, तिसऱ्या दिवशी बिरडे. "मी फोन करून इचारीन. थापा नाय मारायच्या."

लग्न तीस नोव्हेंबरला ठरले. बिस्किटाचा पुडा फोडून सर्वांना वाटला. एकही मोडले नव्हते.

भोजन — वाल भिजत घातले आहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर

सोनुबाईचे तीन फोन. उपसलेत का. कापडात बांधलेत का. ओल हाय का.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पासष्ट पूर्ण. नियमानुसार आजपासून माझे रक्त कुणासही नको.

तिसरा दिवस. प्रियाला फोन करावयाचा म्हणून वही उघडली, तोच माझा फोन वाजला. रोहिदास.

"नमस्कार. मी रोहिदास बोलतो आहे. आपल्या शेळीची प्रकृती कशी आहे?"

मी म्हणालो, माझ्याकडे शेळी नाही. पलीकडे तीन-चार जण एकदम हसले. त्यांत म्हातारीचा आवाज होता.

वहीत एक्केचाळिसाव्या नावाखाली नवी ओळ आहे. अक्षर तेजश्रीचे.

‘४२. हेमचंद्र चौबळ, कर्जत. एकटे. जेवत नाहीत. रोज एकाने फोन. चिडवणे.’

भोजन — वालाचे बिरडे, भात. दुसऱ्यांदा वाढून घेतले.